आमच्या दहावीच्या गटावर आलेल्या त्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की एक-दोन दिवसांत तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या शाळेच्या बॅचच्या गटावर आला. आम्ही सगळे आता पंचावन्नच्या आसपासचे. मेसेज असा:

“आमच्या वेळी मास्तर छडीने फोडून काढायचे. घरी सांगितलं तर बाप आणखी दोन ठेवून द्यायचा. नापास झालो, ऑक्टोबरला बसलो, पण जिवाचं बरंवाईट करावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. आजची पोरं नाजूक. अभ्यासाचा ताण आणि मोबाईल, दोनच कारणं. पोरांना कष्टाची सवय लावा, वेळेवर लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येतील. आणि या विषयावर घरात चर्चा नको, नसलेलं डोक्यात भरतं. जो बोलून दाखवतो तो काही करत नाही.”

खाली अंगठ्यांची रांग आणि चार-पाच “अगदी खरं”.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ते खरं मानून घरोघरी माणसं वागतात म्हणून गप्प बसवेना. एकेक वाक्य घेते.

“आमच्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही”

आपल्याच बॅचपासून सुरू करू. गटावर दोघं नाहीत. एक चाळिशीत गेला, कारखाना बंद पडल्यानंतरच्या वर्षात. आपण सगळे “अ‍ॅटॅक आला” म्हणतो. दुसरी लग्नानंतर तीन वर्षांत गेली. तिच्याबद्दल “आजारी होती” म्हणतो. दोघांच्या घरची माणसं आहेत, म्हणून यापुढे लिहीत नाही. पण खरं काय ते गटातल्या निम्म्यांना ठाऊक आहे, आणि त्याच निम्म्यांनी अंगठे दिलेत.

त्या काळी या गोष्टी घडत नव्हत्या असं नाही, त्या वेगळ्या नावांनी सांगितल्या जायच्या. “पोटदुखीला कंटाळून” ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची दोन ओळींची बातमी आठवते ना? “पाय घसरला म्हणे”, “वेडाच्या भरात” हेही आठवत असेल. लपवायला कारणही होतं. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. वाचलेल्या माणसाच्या खाटेजवळ पोलीस येऊन बसायचे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, तेव्हा कुठे अशा माणसाला शिक्षा नको, उपचार आणि आधार द्या, असं कायद्याने म्हटलं. त्याआधी घरच्यांनी “अपघात” सांगितला तर त्यांना दोष कसा द्यायचा?

जे नोंदलं गेलं ते पाहिलं तरी “नाजूक पिढी”चा हिशोब लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०१० साली दर लाख लोकांमागे ११.४ आत्महत्या होत्या. २०१७ मध्ये तो दर ९.९ वर आला आणि २०२२ मध्ये १२.४ झाला. पिढी दिवसेंदिवस नाजूक होत गेली म्हणावं, तर मधली सात वर्षं ती कणखर झाली होती का? दर वर-खाली होण्यामागे रोजगार, कर्ज, आजारपण, दारू, घरातली परिस्थिती, मदत मिळण्याची सोय आणि नोंद करण्याची पद्धत असं बरंच काही असतं. स्वभावावर बोट ठेवलं की या बाकी सगळ्याची चौकशीच थांबते.

“आजची पोरं”, म्हणजे हा फक्त पोरांचा प्रश्न

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात १८ वर्षांखालची मुलं सुमारे ६ टक्के. १८ ते ३० वयोगट ३४.६ टक्के, तो सगळ्यात मोठा. तिथला धोका खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण त्याच्या मागोमाग ३० ते ४५ वयोगट आहे, सुमारे ३२ टक्के. पंचेचाळिशी ओलांडलेले चौथ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे दहा जणांमागे जवळजवळ सहा जण तिशीच्या पुढचे होते. निकालाच्या दिवशी आपल्याला फक्त दहावी-बारावीची मुलं दिसतात, कारण बातमी त्यांची होते. बेचाळीस वर्षांच्या रिक्षावाल्याची होत नाही.

जगाच्या पातळीवर पाहिलं तर चित्र आणखी वेगळं दिसतं. १५ ते २९ या वयात आत्महत्या हे मृत्यूच्या पहिल्या तीन कारणांत येतं, ते बरोबर. या वयात माणूस इतर आजारांनी फारसा मरत नाही, म्हणून हे कारण वर येतं. पण दर लाखामागचा आकडा काढला की जगातल्या बहुतेक भागांत सत्तरी ओलांडलेली माणसं सगळ्यात वर असतात. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

“अभ्यासाचा ताण आणि मोबाईल, दोनच कारणं”

२०२२ च्या नोंदीत देशभरातल्या सगळ्या आत्महत्यांपैकी परीक्षेतलं अपयश हे कारण १.२ टक्के ठिकाणी लिहिलेलं आहे. कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के.

म्हणाल, हा सगळ्या वयांचा आकडा झाला, मुलांचं काय? २०२१ साली १८ वर्षांखालच्या १०,७३२ मुलामुलींचे मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदले गेले. त्यांपैकी परीक्षेतल्या अपयशामुळे ८६४. कौटुंबिक प्रश्नांमुळे ३,२३३. प्रेमप्रकरणं १,४९५, आजारपण १,४०८. म्हणजे मुलांच्या बाबतीतसुद्धा पहिलं बोट शाळेकडे जात नाही, घराकडे जातं. आणि मेसेज तर बापाच्या माराचं कौतुक करून सुरू होतो.

या आकड्यांचीही एक मर्यादा आहे. हा पोलिसांचा कागद. ठाण्यातला हवालदार घरच्यांना विचारतो, रडणारी माणसं जे सांगतील त्यातून एक कारण निवडून रकाना भरतो. प्रत्यक्षात एकच कारण जवळजवळ कधीच नसतं. नापास झालेला मुलगा घरात आधीच रोजची भांडणं ऐकत असतो, मित्रांत त्याची टिंगल होत असते, महिनाभर झोप लागलेली नसते, आणि निकाल ही शेवटची गोष्ट ठरते. शेवटची होती म्हणून आपण तिलाच कारण म्हणतो.

मोबाईलचंही तसंच. रात्री दोनपर्यंत जागणं, गटांतून होणारी बदनामी, फोटो पसरवायची धमकी, हे खरे त्रास आहेत आणि कोवळ्या वयात ते फार लागतात. पण “मोबाईल काढून घेतला म्हणून जीव दिला” या मथळ्यामागे त्या मुलीला त्या फोनवर कोण काय लिहीत होतं, हे कुणी विचारलेलं नसतं.

परीक्षेचा ताण खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तो खरा आहे म्हणूनच व्यवस्था बदलून कमी करता येतो. तामिळनाडूने नापास झालेल्यांची परीक्षा लगेच घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लवकरच होते, वर्ष वाया जात नाही. “ऑक्टोबरला बसलो” असं आपण आज फुशारकीने सांगतो, पण ते चार-पाच महिने कसे गेले होते ते आठवा. पाहुणे आले की मागच्या दाराने बाहेर जायचं. माझा सख्खा भाऊ त्या वर्षी एकाही लग्नाला आला नाही. आता मुलांना तेवढं सोसावं लागत नसेल तर आपण आनंद मानायला हवा.

कोवळ्या वयाची एक गोष्ट मात्र खास आहे. तिथे लाट अचानक येते आणि फार उंच असते. भांडण, अपमान, नकार यांच्यानंतरचे काही तास धोक्याचे असतात. ती लाट ओसरेपर्यंत कुणी शेजारी बसून राहिलं तर पुष्कळ मुलं त्यातून बाहेर येतात आणि पुढे उभं आयुष्य जगतात. म्हणून त्या रात्री मुलाला एकटं सोडायचं नाही आणि घरातल्या जिवाला धोक्याच्या वस्तू, औषधांचा डबासुद्धा, कुलपात ठेवायच्या. श्रीलंकेने नव्वदच्या दशकापासून शेतीतली अतिविषारी औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. तिथल्या लोकांचा स्वभाव बदलला नव्हता. त्या अवघड घटकेला जीवघेणी वस्तू हाताशी नव्हती, एवढंच.

“कष्टाची सवय लावा”

या वाक्याने मला सगळ्यात जास्त दुखावलं. २०२२ मध्ये आत्महत्येने गेलेल्यांत सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता, २६.४ टक्के. चारातला एक. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाही तर डबा तसाच घेऊन परत. यांना आणखी कोणत्या कष्टाची सवय लावायची राहिली होती?

त्याच वर्षी शेती करणारे आणि शेतमजूर मिळून ११,२९० जण गेले, आणि त्यात शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा जास्त होते. सगळ्या आत्महत्या धरल्या तर राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या घरांबद्दल आपण पंचवीस-तीस वर्षं वाचत आलोय, तिथून गेलेली माणसं बहुतेक कर्ती होती. छडी खाल्लेली, उन्हातान्हात राबलेली, अगदी आपल्याच पिढीची.

मधल्या वयाचा पुरुष बोलत नाही. त्याला रडायला लहानपणीच बंदी घातलेली असते. हप्ता थकतो, बचत गटाचं किंवा सावकाराचं माणूस दारात येतं, दारू वाढते, बायकोशी भांडण होतं, आणि घरचे म्हणतात “हल्ली फार चिडतो”. चिडचिड, दारू, गप्प बसणं, कामावर दांड्या, ही त्या वयातली खूण असते. ती आपण ओळखत नाही, कारण दुःखी माणूस रडवेला दिसतो अशी आपली समजूत. २०२२ च्या एकूण मृतांत जवळजवळ ७२ टक्के पुरुष होते.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. जपानमध्ये १९९७-९८ च्या आर्थिक घसरणीनंतर एका वर्षात आत्महत्यांचा आकडा तीस हजारांच्या वर गेला आणि सलग चौदा वर्षं तिथेच राहिला. त्या वाढीचा मोठा भाग मधल्या वयाच्या पुरुषांचा होता, नोकऱ्या गेलेल्या, कर्जात बुडालेल्या. शिस्त आणि कष्ट यांत जपानी माणसाला कोण शिकवणार? २००६ मध्ये त्यांनी यासाठी वेगळा कायदा केला, कर्जाचा सल्ला, कामाचे तास, गावपातळीवरची मदत असं सगळं हाती घेतलं, आणि आकडा हळूहळू उतरला. त्याच जपानमध्ये पुढे शाळकरी मुलांचे आकडे मात्र वाढत गेले. एका वयाला लागू पडलेला उपाय दुसऱ्या वयाला पोहोचला नाही.

“वेळेवर लग्न लावून द्या”

देशातल्या मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश विवाहित असतात. मोठ्या वयाची बहुतेक माणसं विवाहितच असतात, त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून लग्नाने धोका वाढतो असं मी म्हणणार नाही. पण लग्न हे औषध आहे असंही यातून निघत नाही, बायकांच्या बाबतीत तर नाहीच.

२०२२ मध्ये घर सांभाळणाऱ्या बायका १४.८ टक्के होत्या. विद्यार्थी ७.६ टक्के. गृहिणींचा आकडा विद्यार्थ्यांच्या जवळजवळ दुप्पट असूनही गृहिणींवर एकही मेसेज फिरत नाही. २०१६ साली जगभरात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या, आणि त्यात तरुण बायका फार. लहान वयात लग्न, माहेर लांब, हातात पैसा नाही, मारहाण, मूल होत नाही म्हणून टोमणे, बाळंतपणानंतरची उदासी जिला आपण “अंगात आळस भरलाय” म्हणतो. माहेरी फोन केला तर आई सांगते, “थोडं सोस, सगळ्यांचं असंच असतं.” आपली ती मैत्रीण दिवाळीला आली होती तेव्हा परत जायचं नाही म्हणत होती. आपण सगळ्यांनी मिळून तिला समजावून गाडीत बसवलं. मीही होते त्यात.

मेसेजमध्ये नसलेली माणसं

म्हातारपण. “देवाने न्यावं आता”, “माझं काय, पिकलं पान”, “तुमच्यावर ओझं झालोय” हे आपण इतकं ऐकतो की कानाला त्याचं काही वाटेनासं होतं. बहुतेक वेळा ते नुसतं बोलणं असतं. पण जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं-दुसरं वर्ष, न थांबणारं दुखणं, दिसेनासं-ऐकू येईनासं होणं, एकटं घर, यांतलं दोन-तीन एकत्र आलं की ते बोलणं कान देऊन ऐकावं लागतं. तरुणांत प्रयत्न पुष्कळ होतात आणि बहुतेक वाचतात. म्हाताऱ्या माणसांत तसं नसतं. ती ठरवून, गाजावाजा न करता वागतात आणि शरीरही साथ देत नाही. वाचण्याची संधी कमी, म्हणून आधी लक्ष जायला हवं. आणि या वयातली उदासी हा म्हातारपणाचा भाग नसतो. तो आजार असतो आणि त्यावर उपचार लागू पडतात.

“चर्चा नको, डोक्यात भरतं” आणि “जो बोलतो तो करत नाही”

दोन्ही खोटं. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजतो किंवा वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट पुष्कळांना हायसं वाटतं. आणि जीव गमावलेल्यांपैकी कित्येकांनी आधी कुणाला ना कुणाला काहीतरी सांगितलेलं असतं, आडून का होईना.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, पंच्याहत्तरीचे. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. एका संध्याकाळी ते प्लास्टिकची फाइल घेऊन दारात आले. लाइट बिल, मेन्टेनन्सच्या पावत्या, मुदत ठेवी, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. म्हणाले, “हे तुझ्याकडे असू दे. आणि तेवढं तुळशीला पाणी घालशील का?” मी फाइल घेतलीसुद्धा. काका किती व्यवस्थित आहेत, असंच मनात आलं. मग तुळशीपाशी अडखळले. काकूंच्या तुळशीला ते कुणाला हात लावू देत नसत. विचारलं, “गावाला निघालात का?” “नाही गं.”

तेव्हा मी त्यांना आत बसवलं आणि विचारलं, “काका, जगणं नकोसं झालंय का? जीव संपवावा असं मनात येतं का?” माझा आवाज कापत होता. ते बराच वेळ फाइलच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “येतं.”

मी काही ग्रेट केलं नाही. त्या रात्री ते आमच्याकडे झोपले. मुलाला फोन केला, तो सकाळी आला. डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं की त्यांना ऐकू येणं फार कमी झालं होतं. फोनवर मुलगा काय बोलतो ते समजत नसे आणि तसं सांगायची लाज वाटे, म्हणून फोनच घेत नव्हते. गोळ्या सुरू झाल्या, कानाला यंत्र आलं. आता संध्याकाळी खाली कॅरमला येतात. अजूनही काही दिवस गप्प असतात, तेव्हा मी वर चक्कर टाकते.

हे सगळं गटावर टाकायच्या आधी मी मेसेज पाठवणाऱ्याला फोन केला. भांडायचं ठरवूनच केला होता. तो पहिल्यांदा तावातावाने बोलला आणि मग एकदम थांबला. त्याचा धाकटा मुलगा लातूरला राहून ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा देऊन आलाय. पेपर झाल्यापासून खोलीच्या बाहेर येत नाही, जेवत नाही. “मला भीती वाटते गं,” म्हणाला. “नेमकं काय विचारू? उलटं काही झालं तर?”

मी त्याला वाक्यं लिहून पाठवली. “तुझ्या मार्कांबद्दल बोलायला आलो नाही. तू बरा दिसत नाहीस. मरून जावं असं मनात येतं का? येत असेल तर मला सांग, मी चिडणार नाही, इथेच बसतो.” उत्तर आलं तर उपदेश करायचा नाही, आईची शपथ घालायची नाही, ऐकायचं. त्या रात्री दार बंद करू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मानसोपचार तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्यायचं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि काळजीत पडलेल्या बापालाही तो लावता येतो. लहान मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, जिवावर बेतलं असेल तर ११२.

रात्री सव्वाअकराला त्याचा मेसेज आला. “विचारलं. रडला. आता मी त्याच्याच खोलीत झोपतोय.”